नव्व्याण्णवात आपण कुठे?

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



आजचा विषय माझ्याकडे आला तो "ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आणि आपण" असा. यातल्या पहिल्या भागावर पुष्कळ लिहून झालं आहे. "आणि आपण" या दोन शब्दांवर मात्र आपल्या मराठी मंडळींत फारशी चर्चा झालेली मला आठवत नाही. २०११ च्या त्या दोन महिन्यांत आपल्या पार्ट्यांमध्ये, ट्रेनमध्ये, फोनवर जे बोललं जात होतं त्यात सहानुभूती होती, चेष्टा होती आणि थोडी भीतीही होती. माझ्याही मनात या तिन्ही गोष्टी होत्या, आणि आजही त्यांची सरमिसळ पूर्ण सुटलेली नाही. ती जरा सोडवून पाहावी, एवढाच माझा हेतू.

आधी घटनाक्रम थोडक्यात सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी काहीजण तेव्हा शाळेत होते. ॲडबस्टर्स या कॅनडातल्या नियतकालिकाने २०११ च्या जुलैमध्ये हाक दिली आणि १७ सप्टेंबर २०११ ला काही लोक खालच्या मॅनहॅटनमधल्या झुकॉटी पार्कमध्ये येऊन बसले. पार्क म्हणायचं, पण तो जेमतेम पाऊण एकराचा फरसबंदी चौक. मालकी खासगी, पण चोवीस तास लोकांना खुला ठेवण्याची अट असलेला. त्यामुळे पोलिसांना तो लगेच रिकामा करता आला नाही. १ ऑक्टोबरला ब्रुकलिन ब्रिजवर सुमारे ७०० जणांना अटक झाली आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. ऑक्टोबर संपेपर्यंत ओकलंडपासून बॉस्टनपर्यंत तंबू पडले. १५ नोव्हेंबरला मध्यरात्र उलटल्यावर महापौर ब्लूमबर्ग यांच्या पोलिसांनी चौक रिकामा केला. म्हणजे मुक्काम पुरते दोन महिनेही नव्हता.

मी तेव्हा त्याच भागात एका वित्तसंस्थेच्या आयटी विभागात काम करत होते. जेवणाच्या सुट्टीत चार-पाच वेळा तिथे जाऊन आले, ग्रंथालयाला काही पुस्तकं दिली. मोर्चात चालले नाही. तिथली एक गोष्ट मला फार आवडली होती. परवान्याशिवाय लाउडस्पीकर लावायला बंदी होती. म्हणून बोलणारा एक वाक्य बोले आणि आजूबाजूचे लोक तेच वाक्य मोठ्याने म्हणून मागच्यांपर्यंत पोचवत. कीर्तनात टाळकरी ध्रुपद उचलून धरतात ना, तसं. ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्याचंही वाक्य आपल्या तोंडाने पूर्ण म्हणावं लागे. आपल्या सभांमध्ये ही पद्धत आणली तर निम्मी भांडणं कमी होतील असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता मूळ मुद्दा. त्या लोकांचं म्हणणं बरोबर होतं का?

माझ्या मते होतं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. बँका वाचवायला काँग्रेसने ७०० अब्ज डॉलर्सपर्यंतची तरतूद केली. ज्या एआयजीला सरकारने तारलं, त्याच एआयजीने मार्च २००९ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलर्सचे बोनस वाटले. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर गेली. लाखो कुटुंबांची घरं बँकांनी ताब्यात घेतली. नफा झाला तर माझा आणि तोटा झाला तर सगळ्यांचा, असा हा हिशोब होता. त्यावर कोणी रस्त्यावर आलं नसतं तरच नवल.

शिवाय ही गोष्ट २००८ मध्ये सुरू झालेली नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये, नेमके तंबू पडलेले असताना, काँग्रेसच्या बजेट ऑफिसने एक अहवाल काढला. १९७९ ते २००७ या काळात कोणाचं उत्पन्न किती वाढलं, कर भरून झाल्यावर आणि महागाई वजा करून, याचा तो हिशोब होता. त्यातल्या चार ओळी सांगते. सगळ्यात वरच्या १ टक्क्याचं उत्पन्न २७५ टक्क्यांनी वाढलं. मधल्या ६० टक्के लोकांचं ४० टक्क्यांहून थोडं कमी वाढलं. सगळ्यात खालच्या २० टक्क्यांचं १८ टक्क्यांनी वाढलं. चौथी ओळ सहसा कोणी सांगत नाही. वरचा १ टक्का सोडून त्याच्या खालचे जे १९ टक्के, त्यांचं उत्पन्न ६५ टक्क्यांनी वाढलं. या चौथ्या ओळीकडे मी नंतर परत येणार आहे, ती कृपया लक्षात ठेवा.

मग आपल्या लोकांचे आक्षेप काय होते? मला तीन आठवतात. पहिला, यांच्या मागण्याच नाहीत. दुसरा, हा सगळा गलिच्छपणा आणि गोंगाट आहे. तिसरा, यांनी काम शोधावं.

तिसऱ्याचं उत्तर बेकारीच्या आकड्यातच आहे. देशात काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या मिळून प्रत्येक अकरा माणसांपैकी एकाला काम मिळत नसताना "काम शोधा" हा सल्ला म्हणजे दुष्काळात "विहीर खणा" म्हणण्यासारखा.

दुसऱ्याबद्दल. ढोल दिवसभर चालत, आजूबाजूचे रहिवासी तक्रार करत, आणि त्यांची तक्रार खरीही होती. पण आपण कुठल्या मातीतून आलो? १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका लाटण्यांनी थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या होत्या. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आया-मावश्या त्यात होत्या, आणि आपण ते अभिमानाने सांगतो. थाळीचा आवाज आंदोलन आणि ढोलाचा आवाज गोंगाट, असं म्हणता येणार नाही.

पहिला आक्षेप जास्त गंभीर आहे. मागणी नसेल तर वाटाघाटी कशाच्या करायच्या? हे मलाही पटतं. पण मागणी नेमकी असली की आंदोलन यशस्वी होतं, हे आपल्या इतिहासातून सिद्ध होत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार आणि डॉ. दत्ता सामंतांसारखा नेता. मागण्या अगदी नेमक्या होत्या. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांचा प्रश्न, आणि ज्या १९४६ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघाशिवाय दुसऱ्या युनियनला मान्यता मिळत नव्हती तो कायदा रद्द करणं. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. आणि त्या वेळीही दादर-पार्ल्याच्या बैठकीच्या खोल्यांत एक वाक्य ऐकू येत होतं: "यांच्या मागण्या अवाच्या सवा आहेत." म्हणजे मागण्या मांडल्या तर अवाजवी आणि नाही मांडल्या तर दिशाहीन. हा आक्षेप घेणाऱ्याला मुळात मागण्या ऐकायच्या आहेत का, हे तपासून पाहायला हवं.

इथे २०११ मधलीच दुसरी गोष्ट आठवते. झुकॉटी पार्कमध्ये लोक बसण्याआधी जेमतेम तीन आठवडे, २८ ऑगस्टला, अण्णा हजाऱ्यांचं रामलीला मैदानावरचं उपोषण सुटलं होतं. त्या ऑगस्टमध्ये आपल्या इकडच्या मंडळींचा उत्साह आठवून पाहा. टोप्या, मेणबत्त्या, ईमेलवरून फिरणाऱ्या याचिका. जी माणसं अण्णांसाठी शनिवारी सकाळी उठून गावातल्या चौकात उभी राहिली, त्यांतली बरीचशी ऑक्टोबरमध्ये झुकॉटीतल्या पोरांना रिकामटेकडे म्हणत होती. असं का?

अण्णांची मागणी स्पष्ट होती हे एक कारण झालं. लोकपालचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला तो मार्च २०१९ मध्ये, ही गोष्ट सोडून देऊ. पण मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. भ्रष्टाचार दुसरा कोणीतरी करतो. मंत्री करतो, बाबू करतो, कंत्राटदार करतो. त्याच्याविरुद्ध उभं राहताना आपल्याला स्वतःच्या घराकडे बघावं लागत नाही. विषमतेचं तसं नाही. विषमता म्हटली की माझ्याकडे किती आहे आणि ते कुठून आलं, हा प्रश्न लगेच पाठोपाठ येतो.

आता माझे स्वतःचे आक्षेप सांगते. कारण मी केवळ वकिली करायला उभी नाही.

पहिला आक्षेप त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल. रोज संध्याकाळी जनरल असेंब्ली भरे आणि शक्यतो सर्वानुमते निर्णय घेतले जात. ऐकायला छान आहे. पण सर्वानुमतीला वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडे असतो? दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईकडे नसतो. पाळणाघर सहाला बंद होतं तिच्याकडे नसतो. ज्यांच्यासाठी आंदोलन होतं तेच लोक रात्री दहापर्यंत चालणाऱ्या सभेला थांबू शकत नव्हते. आपल्याकडच्या युनियनमध्ये शंभर दोष असतील, पण वर्गणीची पावती फाडलेला कामगार घरी झोपला तरी त्याचं नाव यादीत राहायचं. इथे जो हजर तोच मोजला जायचा.

दुसरा आक्षेप "९९ टक्के" या शब्दाबद्दल. घोषणा म्हणून ती अप्रतिम होती. विषमता हा अर्थशास्त्रज्ञांच्या तक्त्यांतला शब्द त्या घोषणेने घराघरात नेला. पण या नव्व्याण्णवांत सगळे एकाच पंक्तीला बसलेले आहेत, हे खरं नव्हतं.

याबाबतचा एक प्रसंग आपल्याला माहीत असायला हवा, कारण तो घडवणारे आपल्याच उपखंडाशी नातं सांगणारे लोक होते. सप्टेंबरच्या अखेरीला आंदोलनाचा जाहीरनामा असेंब्लीपुढे आला. त्याच्या मसुद्यात अशा अर्थाचं एक वाक्य होतं की आपण सगळे एकच मानववंश आहोत आणि पूर्वी वंश, वर्ग वगैरे कारणांनी विभागलेले होतो. काही दक्षिण आशियाई तरुण-तरुणी उभे राहिले आणि त्यांनी त्या वाक्याला रोखलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "पूर्वी" म्हणजे काय? आमच्यासाठी हे अजून संपलेलं नाही. गर्दी अस्वस्थ झाली. एवढ्याशा शब्दावरून कशाला खोळंबा, असा दबावही आला. ते हटले नाहीत आणि शेवटी वाक्य बदललं.

मला हा त्या दोन महिन्यांतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो. कारण तो "पूर्वी" आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. "जात आता कुठे राहिली आहे?" हे वाक्य आपल्याकडे कोण म्हणतं आणि कोण म्हणत नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या तरुणांनी आंदोलन सोडून न जाता, आत राहून, हा प्रश्न विचारला. दुरून चेष्टा करणं आणि डोळे मिटून टाळ्या वाजवणं या दोन्हींपेक्षा ही तिसरी वाट मला मोलाची वाटते.

या संमिश्र भावनांना आपल्याकडे एक मोठा आधार आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी केलेलं भाषण आपण अर्धंच सांगतो. २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगतीत पाऊल टाकतो आहोत, असं ते म्हणाले. राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे विषमतेने पोळले आहेत तेच ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा होता. हा भाग आपल्या सभांमध्ये नेहमी येतो. पण त्याच भाषणात त्यांनी सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह सोडून द्यावेत असंही सांगितलं. महाडचा सत्याग्रह करणारा माणूस हे सांगत होता. त्यांचा युक्तिवाद असा की घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा या मार्गांना समर्थन होतं. ते खुले झाल्यावर नाही.

एकाच भाषणात या दोन्ही गोष्टी आहेत. विषमता स्फोटक आहे, आणि रस्त्यावरचा मार्ग धोक्याचा आहे. याच मॅनहॅटनमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या माणसाचे हे शब्द झुकॉटी पार्कला लावून पाहिले तर प्रश्न उरतो तो एकच: २०११ मध्ये त्या तरुणांना घटनात्मक मार्ग खरोखर किती खुले होते? मतदानाचा हक्क होता. पण जानेवारी २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्याचा निकाल लागून निवडणुकीत कंपन्यांच्या खर्चावरची बंधनं सुटली होती. ज्या बँकांनी घोटाळा केला त्यांच्या वरिष्ठांपैकी जवळजवळ कोणावरच फौजदारी खटला उभा राहत नव्हता. दार उघडं होतं, पण आत जाण्याचं तिकीट महाग होतं, असं मी म्हणेन. म्हणून चौकात बसणं मला समर्थनीय वाटतं. आणि म्हणूनच चौकातून उठल्यावर पुढे काय, हा प्रश्नही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

आता त्या चौथ्या ओळीकडे येते.

२०१० सालच्या आकड्यांप्रमाणे वरच्या १ टक्क्यात जायला साधारण ३ लाख ७० हजार डॉलर्सचं वार्षिक उत्पन्न लागत होतं. आपल्यातले काही डॉक्टर आणि उद्योजक त्या रेषेच्या वर होते, बहुतेक खाली. त्यामुळे "आम्ही ९९ टक्के" म्हणायला आपण तांत्रिकदृष्ट्या मोकळे होतो. पण प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०१० साली भारतीय-अमेरिकन कुटुंबाचं मध्यम उत्पन्न ८८ हजार डॉलर्स होतं आणि देशाचं ४९ हजार ८००. म्हणजे आपल्यातले बरेच जण त्या ६५ टक्केवाल्या ओळीत बसतात. मधल्यांपेक्षा आपण वेगाने पुढे गेलो, पण वरच्यांच्या तुलनेत मागे पडलो. म्हणून आपल्याला मनापासून वाटतं की आपल्यावर अन्याय झाला आहे, आणि त्याच वेळी खालच्या माणसाला आपण श्रीमंत दिसतो. दोन्ही खरं आहे.

ही ओळ काय करते? ती बँकांचं सॉफ्टवेअर लिहिते, त्यांचे ताळेबंद तपासते, त्यांच्या अधिकाऱ्यांची हृदयं दुरुस्त करते. निर्णय तिचे नसतात, पण तिच्याशिवाय निर्णय अमलात येत नाहीत. आणि कधीकधी त्या ओळीतलं कोणीतरी थेट शिखरावर पोचतं. विक्रम पंडितांचंच बघा. जन्म नागपूरचा, डिसेंबर २००७ मध्ये ते सिटीग्रुपचे प्रमुख झाले. सिटीग्रुपला सरकारकडून ४५ अब्ज डॉलर्स मिळाले. बँकेची घसरण त्यांच्या आधी सुरू झाली होती, आणि बँक नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेण्याचं त्यांनी जाहीर केलं होतं, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी म्हटलं की आंदोलकांच्या भावना समजण्यासारख्या आहेत, लोकांचा वित्तसंस्थांवरचा विश्वास तुटला आहे. आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांच्यासाठी ठरवलेल्या सुमारे दीड कोटी डॉलर्सच्या मोबदल्याविरुद्ध सिटीग्रुपच्या भागधारकांनीच बहुमताने कौल दिला. त्यांच्यावर टीका करायला मी हे सांगत नाही. भावना समजणं आणि मोबदला घेणं या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात. आपल्यातही नांदतात, फक्त आकडे लहान असतात.

दुसरं म्हणजे आपण इथे पोचलो कसे? १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने शिकलेल्या माणसांना दार उघडलं. ते शिक्षण मात्र आयआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी, ग्रँट मेडिकल, बी. जे. मेडिकल अशा ठिकाणी सरकारी पैशात, नाममात्र फीत झालं. इथे तंबूत बसलेल्या मुलामुलींच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं. आपण बहुतेक जण विमानात बसताना कर्जमुक्त होतो. आपल्या यशात आपल्या कष्टांचा वाटा आहेच. पण त्यात कुठल्या तरी गावातल्या करदात्याचाही वाटा आहे, आणि तो गाव बहुधा अजून टँकरची वाट बघतो आहे.

याच्या बरोबरीने आपल्या भीतीचाही मान ठेवायला हवा. एच-वन-बी वर असलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं उभा असलेला माणूस ब्रुकलिन ब्रिजवर अटक करून घेऊ शकत नाही. नोकरी गेली की देश सोडावा लागतो, अटक झाली की प्रत्येक अर्जावर ती लिहावी लागते. अशा माणसाला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र ही सबब नागरिकत्व मिळून वीस वर्षं झालेल्यांना चालणार नाही.

आंदोलनाने मिळवलं काय, असा प्रश्न नेहमी येतो. थोडक्यात सांगते. डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्याने वीस लाख डॉलर्सवरच्या उत्पन्नासाठी वरचा करदर ठेवला, आणि श्रीमंतांवरचा जादा कर चालू ठेवायला आधी विरोध करणाऱ्या गव्हर्नर कुओमोंनीच तो मान्य केला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा रॉकअवे आणि स्टॅटन आयलंडमध्ये मदत घेऊन पोचणाऱ्यांत झुकॉटीतलीच पोरं आघाडीवर होती. ज्यांना रिकामटेकडे म्हटलं होतं, त्यांनी चिखल उपसला, औषधं पोचवली. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड दुकानांतले सुमारे २०० कामगार तासाला १५ डॉलर्स मागत बाहेर पडले. तेव्हा ती मागणी हास्यास्पद वाटत होती. जानेवारी २०२४ पासून न्यू जर्सीत बहुतेक कामगारांसाठी किमान वेतन त्याहून किंचित वर गेलं. या सगळ्याचं श्रेय एका चौकाला देता येणार नाही. पण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये घरभाडं आणि पाळणाघरं हे मुद्दे घेऊन झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, तेव्हा ती भाषा लोकांना परकी वाटली नाही, याचं एक कारण त्या दोन महिन्यांत आहे असं मला वाटतं.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने आजचा खरा मुद्दा. विषमता म्हटली की आपण वॉल स्ट्रीटकडे बोट दाखवतो. तिथे आपलं फारसं काही चालत नाही. पण एक जागा अशी आहे जिथे आपल्या ओळीचं नक्की चालतं, आणि ती म्हणजे आपली टाउनशिप.

न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलची गोष्ट इथल्या जुन्या लोकांना माहीत असेल. एथेल लॉरेन्स नावाची कृष्णवर्णीय शिक्षिका त्या गावात राहत होती. तिचं कुटुंब तिथे कित्येक पिढ्यांचं. गावात स्वस्त घरं बांधायला टाउनशिपने नकार दिला, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी गाव सोडावं असं त्यांना सुनावलं गेलं. खटला झाला. १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक वाढत्या गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला रास्त वाटा उचलला पाहिजे. १९८३ मध्ये तोच निकाल अधिक कडक झाला. तरीही प्रत्यक्ष त्या गावात घरं उभी राहून लोक राहायला आले ते २००० च्या सुमारास. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच वारल्या होत्या. पुढे प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आला. शेजारच्या घरांच्या किमती त्यामुळे पडल्या नाहीत, गुन्हे वाढले नाहीत, प्रॉपर्टी टॅक्सही वाढला नाही. राहायला आलेल्या कुटुंबांची परिस्थिती मात्र सुधारली.

मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर मर्फींनी यासंबंधीच्या नव्या कायद्यावर सही केली आणि २०२५ पासूनच्या दहा वर्षांसाठी गावागावांना घरांचे आकडे ठरवून घ्यावे लागले. त्यामुळे प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकांना पुन्हा गर्दी होऊ लागली आहे. या गर्दीत आपले चेहरे दिसतात. मला याचा आनंद व्हायला हवा, कारण आपण इथल्या सार्वजनिक जीवनात भाग घेत नाही ही आपली जुनी तक्रार. पण आपण तिथे काय बोलतो? शाळेत गर्दी होईल. ट्रॅफिक वाढेल. गावाचं वळण बिघडेल. यातला शाळेचा आणि रस्त्याचा प्रश्न खरा असू शकतो, त्याची उत्तरं मागायलाच हवीत. पण "वळण" म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबई-पुण्यात मुसलमानाला, दलिताला, एकट्या बाईला घर नाकारताना सोसायट्या हाच शब्द वापरतात.

चांगली शाळा म्हणून आपण ज्या गावात घर घेतो, ती शाळा चांगली असते याचं एक मोठं कारण तिथला प्रॉपर्टी टॅक्स, आणि तो भरपूर येतो कारण तिथे स्वस्त घर मिळत नाही. ज्या बाईने आपल्या मुलांना पाळणाघरात सांभाळलं, जी आपल्या आई-वडिलांना नर्सिंग होममध्ये भरवते, ती मात्र दोन बस बदलून तासभर लांबून येते. हे वॉल स्ट्रीटने केलेलं नाही. हे आपल्या ओळीने, कुठलाही कायदा न मोडता, मंगळवारच्या संध्याकाळी हात वर करून केलेलं आहे.

म्हणून ऑक्युपायबद्दल माझं मत असं. वरच्या १ टक्क्याबद्दल ते जे बोलले त्यातला मुद्दा खरा होता. बाकीच्या नव्व्याण्णवांना, आणि विशेषतः आपल्याला, त्यांनी फार स्वस्तात सोडलं. त्या घोषणेच्या आडोशाला आपल्याला आरामात बसता आलं. तो आडोसा आता सोडायला हवा.

माझा प्रस्ताव छोटा आहे. आपल्यापैकी ज्यांच्या गावात परवडणाऱ्या घरांवर यंदा चर्चा आहे, त्यांनी त्या बैठकीला जावं आणि तीन मिनिटं मागून घरांच्या बाजूने बोलावं. शाळेची काळजी वाटत असेल तर ती बोलून दाखवावी, पण घरं नकोत म्हणण्यासाठी तिचा उपयोग करू नये. यात अटक होत नाही, व्हिसाही धोक्यात येत नाही. फार तर शेजारी दिवाळीच्या फराळाला बोलवायचे नाहीत. हे आपल्याला झेपेल का आणि पटतंय का, यावर आता चर्चा करू या. ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती.